खत उद्योगातील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य

खत उद्योगातील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य या संज्ञेत रासायनिक खतांचे उत्पादन, साठवण, पोतेभरणी आणि वाहतूक या कामांत गुंतलेल्या कामगारांचे अपघात, विषबाधा व दीर्घकालीन आजार यांपासून रक्षण करण्यासाठी योजलेल्या तांत्रिक, वैद्यकीय आणि कायदेशीर उपायांचा समावेश होतो. शेतकऱ्याच्या हाती पडणारा युरियाचा पांढरा दाणा हाताळण्यास फारसा धोकादायक नसतो. परंतु तो तयार होईपर्यंत कारखान्यात ज्वलनशील हायड्रोजन, विषारी अमोनिया, तीव्र आम्ले, अतिउच्च दाब आणि तापमान यांच्या सान्निध्यात काम करावे लागते. या उद्योगाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुर्घटना उत्पादनाच्या मुख्य प्रक्रियेत नव्हे, तर गोदाम, टाकी, जहाज आणि वाहिनी अशा ठिकाणी घडलेल्या आढळतात. त्यामुळे आधुनिक सुरक्षाशास्त्रात संयंत्राच्या रचनेइतकेच महत्त्व साठवण, दुरुस्ती आणि दैनंदिन कामाच्या सवयी यांना दिले जाते.

पार्श्वभूमी

हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून अमोनिया तयार करण्याची पद्धत जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत यशस्वी करून दाखवली. कार्ल बॉश यांनी तिला औद्योगिक रूप दिले आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. या प्रक्रियेत लोहयुक्त उत्प्रेरकावरून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणीय दाबाच्या शेकडो पट दाबाखाली वायू नेला जातो. अशा दाबाखालील हायड्रोजन पोलादातही शिरतो व त्याला ठिसूळ करतो. म्हणून भांड्यांसाठी योग्य पोलाद निवडणे हा या उद्योगातील पहिल्या सुरक्षा-प्रश्नांपैकी एक ठरला.

भारतात सुपर फॉस्फेटचे उत्पादन १९०६ मध्ये तामिळनाडूतील राणीपेट येथे सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सिंद्री येथील सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि नत्रयुक्त खतांच्या मोठ्या उद्योगाचा पाया घातला गेला. महाराष्ट्रात तुर्भे (ट्रॉम्बे) येथील कारखाना १९६५ मध्ये कार्यान्वित झाला. पुढे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीकडे तो आला. याच कंपनीचा दुसरा मोठा प्रकल्प रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे आहे. तळोजा येथे अमोनियम नायट्रेटचे, तर गोव्यात झुआरीनगर येथे खतांचे उत्पादन होते. कारखाना उभा राहताना जी जागा मोकळी असते, तेथे कालांतराने वस्ती वाढते. चेंबूर-माहुल परिसर हे याचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे कारखान्याच्या आतील सुरक्षितता हा कुंपणाबाहेरील नागरिकांचाही प्रश्न बनतो.

उत्पादन प्रक्रियेतील प्रमुख धोके

अमोनिया: सामान्य तापमानाला अमोनिया रंगहीन, उग्र वासाचा आणि हवेपेक्षा हलका वायू असतो. मोठ्या टाक्यांमध्ये तो उणे ३३ अंश सेल्सिअस इतका थंड करून द्रवरूपात साठवतात. गळती झाल्यास हा द्रव वेगाने बाष्पीभूत होतो व त्याचा थंड, जड ढग जमिनीलगत पसरतो. वायू हलका असल्याने तो वर निघून जाईल हा समज अशा वेळी घातक ठरतो. अमोनिया पाण्यात अत्यंत विद्राव्य असल्यामुळे डोळे, घसा आणि श्वासनलिका यांच्या ओलसर अस्तरात विरघळून तीव्र अल्कधर्मी दाह निर्माण करतो. द्रवाचा त्वचेशी संपर्क आल्यास रासायनिक भाजणे आणि हिमदंश अशा दोन्ही इजा एकाच वेळी होतात. भारतीय कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी हवेतील अमोनियाची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत २५ भाग, तर अल्पकाळासाठी ३५ भाग इतकी दिली होती. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेच्या मते ३०० भाग ही पातळी जीवितास तात्काळ धोका निर्माण करणारी आहे.

युरिया: अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया बनताना अमोनियम कार्बामेट हे मध्यवर्ती संयुग तयार होते. ते अतिशय क्षरणकारक असते आणि पोलादी भांड्याची भिंत आतून खाऊन टाकते. म्हणून भांड्याला आतून विशेष स्टेनलेस स्टीलचे किंवा अन्य प्रतिरोधक धातूचे अस्तर लावतात, त्यावरील संरक्षक थर टिकावा म्हणून थोडी हवा सोडतात आणि अस्तरामागे बारीक छिद्रे ठेवतात. या छिद्रांतून अमोनियाचा वास येऊ लागणे ही अस्तर फुटल्याची पहिली सूचना असते. या सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास उच्च दाबाचे भांडेच फुटू शकते.

आम्ले: फॉस्फेटयुक्त खतांसाठी खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करतात. या खनिजात फ्लोरीन असल्याने हायड्रोजन फ्लोराइड व सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हे विषारी वायू बाहेर पडतात. हायड्रोजन फ्लोराइडची इजा प्रारंभी सौम्य वाटली तरी फ्लोराइड शरीरात खोलवर शिरून रक्तातील कॅल्शियम कमी करते. म्हणून प्रथमोपचारात भरपूर पाण्याने धुतल्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम वापरतात. दीर्घकाळ अल्प मात्रेत फ्लोराइड शरीरात गेल्यास हाडे व सांधे ताठर होण्याचा फ्लोरोसिस हा विकार संभवतो. खनिज फॉस्फेटमध्ये नैसर्गिक युरेनियम व रेडियम यांचाही अंश असतो. त्यामुळे धूळ आणि उरलेले फॉस्फोजिप्सम यांच्या हाताळणीवर लक्ष ठेवावे लागते. सल्फ्युरिक आम्ल सौम्य करताना नेहमी पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी नव्हे, हा शालेय प्रयोगशाळेतील नियम येथेही तितकाच लागू आहे.

धूळ, आवाज आणि उष्णता: युरियाचे दाणे पाडण्याचे उंच मनोरे, चाळण्या आणि पोतेभरणी विभाग येथे धुळीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना त्रास होतो. मोठ्या काँप्रेसरांच्या कर्कश आवाजामुळे येणारे बहिरेपण हळूहळू व वेदनेविना वाढते आणि ते बरे होत नाही. वायू-सुधारक भट्ट्यांजवळ उष्णतेचा ताण सहन करावा लागतो. पोती उचलणाऱ्या कामगारांमध्ये पाठ व गुडघ्यांचे विकार आढळतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मधील शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहून नेण्याच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचवली होती. भारतात युरियाची गोणी पूर्वी ५० किलोंची होती. २०१८ पासून ती ४५ किलोंची झाली. हा बदल खताचा वापर आटोक्यात आणण्यासाठी करण्यात आला असला तरी त्यामुळे हमालाच्या पाठीवरील भारही काहीसा हलका झाला.

वासाने न कळणारे धोके

अमोनियाचा वास धोकादायक पातळीच्या बराच आधी जाणवतो, त्यामुळे तो स्वतःच इशारा देतो. तथापि सतत संपर्कात राहणाऱ्या व्यक्तीचे नाक त्याला सरावते, आणि अनुभवी कामगार नवख्यापेक्षा उशिरा सावध होण्याची शक्यता असते. खत कारखान्यातील इतर अनेक वायू एवढाही इशारा देत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास प्रारंभी येतो, परंतु तीव्र प्रमाणात तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असा समज होऊन माणूस दगावतो. नायट्रिक आम्लाच्या विभागातील तपकिरी रंगाचे नायट्रोजन ऑक्साइड श्वासावाटे गेल्यावर सुरुवातीला केवळ खोकला येतो, माणूस घरी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी साचू लागते. यासाठी असा संपर्क झालेल्या व्यक्तीला बरे वाटत असले तरी वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे आवश्यक मानले जाते. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन ऑक्साइड यांमुळे होणाऱ्या विषबाधेचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत केला होता.

संयंत्र बंद करताना निकेलयुक्त उत्प्रेरक पुरेसा थंड झाला आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड शिल्लक राहिला, तर निकेल कार्बोनिल हे अत्यंत विषारी संयुग तयार होऊ शकते. चालू संयंत्रात जे उद्भवत नाही ते बंद करण्याच्या काळात उद्भवते, याचे हे बोलके उदाहरण होय.

नायट्रोजन विषारी नाही, मात्र तोही प्राणघातक ठरतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग व्यापणारा हा वायू ज्वलनशील वायू बाहेर काढण्यासाठी भांड्यांत भरला जातो. अशा भांड्यात प्राणवायू नसल्याने आत शिरलेली व्यक्ती काही श्वासांतच, गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच, बेशुद्ध पडते. तिला वाचवण्यासाठी श्वसनयंत्राविना धावून जाणारा सहकारीही बळी पडतो. बंदिस्त जागेतील अपघातांत एकापाठोपाठ दोन-तीन मृत्यू होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

अमोनियम नायट्रेटचे स्फोट

अमोनियम नायट्रेट हे उत्तम नत्रखत असून ते ऑक्सिडीकारकही आहे. ते सुमारे १७० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते व त्यापुढे विघटित होऊ लागते. बंदिस्त अवस्थेत, तेल, कोळसा, लाकूड यांसारख्या सेंद्रिय पदार्थांशी मिसळल्यास किंवा तीव्र धक्का बसल्यास त्याचा प्रचंड स्फोट होऊ शकतो.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊ येथील गोदामात अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांच्या सुमारे ४,५०० टन मिश्रणाचा काही भाग स्फोट पावला आणि पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दगडासारखे कठीण झालेले हे खत फोडण्यासाठी तेथे लहान सुरुंग वापरण्याची रीत होती. हीच कृती त्यापूर्वी हजारो वेळा निर्विघ्न पार पडलेली असल्याने ती सुरक्षित मानली गेली होती.

१६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्राँकां’ या फ्रेंच जहाजावरील सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन किमान ५८१ जण ठार झाले. आग लागल्यावर जहाजाची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली होती. सामान्य आग हवा तोडल्याने विझते. परंतु अमोनियम नायट्रेट आगीला लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते. त्यामुळे झाकणे बंद करण्याने आग विझली नाही, उलट उष्णता व दाब मात्र वाढले. आग विझवण्यास गेलेले शहरातील जवळपास सर्व स्वयंसेवक अग्निशामक या स्फोटात मरण पावले.

ओपाऊच्या घटनेला बरोबर ८० वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २१ सप्टेंबर २००१ रोजी, फ्रान्समधील तुलूझ येथील कारखान्यात दर्जाबाहेर ठरलेल्या सुमारे ३०० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. त्यात सुमारे ३० जणांचा मृत्यू झाला आणि हजारो जखमी झाले. १७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील वेस्ट या गावी खतविक्रेत्याच्या गोदामात झालेल्या स्फोटात १५ जण दगावले. त्यांपैकी बहुतेक जण आग विझवण्यासाठी व मदतीसाठी आलेले होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनच्या बैरूत बंदरात अनेक वर्षे पडून राहिलेल्या २,७५० टन साठ्याच्या स्फोटात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

या घटनांमध्ये विकावयाचा, न विकला गेलेला, बाद ठरलेला किंवा विसरला गेलेला माल होता. कच्च्या मालावर आणि संयंत्रावर जेवढी नजर असते तेवढी गोदामावर नसते, हे त्यांतील समान सूत्र आहे. अमोनियम नायट्रेट स्वतंत्र, हवेशीर आणि अज्वलनशील बांधणीच्या गोदामात ठेवणे, त्याचे ढीग मर्यादित ठेवणे व त्याच्याजवळ इंधन, गंधक किंवा लाकडी भुसा न ठेवणे हे साठवणीचे मूलभूत नियम या अनुभवांतून आले आहेत.

अमोनियाशी संबंधित दुर्घटना

१३ जुलै १९७३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथील खत कारखान्यात अमोनियाची टाकी ठिसूळपणामुळे तडकली. सुमारे ३८ टन अमोनिया बाहेर पडून १८ जण मरण पावले. २० मार्च १९८९ रोजी लिथुआनियातील योनावा येथे सुमारे ७,००० टन अमोनियाची टाकी फुटून आग लागली, ती शेजारच्या मिश्रखताच्या गोदामापर्यंत पसरली आणि सात जणांचा बळी गेला.

भारतात २२ डिसेंबर २०२० रोजी उत्तर प्रदेशातील फुलपूर येथील खत कारखान्यात अमोनियाची गळती होऊन दोन अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळील एन्नोर येथे जहाजातून अमोनिया उतरवून घेणाऱ्या समुद्राखालील वाहिनीतून गळती झाली व किनाऱ्यावरील वस्तीतील अनेकांना रात्रीच रुग्णालयात हलवावे लागले. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी थळ येथील प्रकल्पात झालेला स्फोट मात्र अमोनियाचा नव्हता. तो वातानुकूलन यंत्रणेशी संबंधित होता आणि त्यात तिघांचा मृत्यू झाला. रासायनिक कारखान्यात दुय्यम समजल्या जाणाऱ्या यंत्रणाही तितक्याच काळजीने हाताळाव्या लागतात, हे या घटनेने दाखवले.

प्रतिबंधक उपाय

तांत्रिक उपाय: पोलादी टाकीतील अमोनियात सुमारे ०.२ टक्के पाणी मिसळल्यास धातूला ताणामुळे पडणाऱ्या भेगा टळतात. दुहेरी भिंतीच्या टाक्या, दाब वाढल्यास आपोआप उघडणाऱ्या झडपा, दुरून बंद करता येणाऱ्या झडपा, वायुशोधक आणि पाण्याचे पडदे यांचा वापर केला जातो. पाण्याचा फवारा हवेतील अमोनिया शोषून घेतो. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारल्यास त्याचे बाष्पीभवन उलट वाढते. त्यामुळे फवारा ढगावर मारायचा, डबक्यावर नाही.

वर्क परमिट: दुरुस्तीचे कोणतेही धोकादायक काम लेखी परवान्याशिवाय सुरू करता येत नाही. ज्या भागात काम करायचे तो भाग वाहिन्यांपासून भौतिकदृष्ट्या तोडणे, वीजपुरवठा बंद करून त्याला कुलूप व फलक लावणे, प्राणवायू व विषारी वायूंचे मोजमाप करणे आणि काम संपल्यावर परवाना परत करणे हे त्याचे टप्पे असतात. केवळ झडप बंद करणे पुरेसे मानले जात नाही, कारण झडप गळू शकते किंवा कोणी ती उघडू शकते. बंदिस्त जागेत शिरणाऱ्यासाठी कारखाना कायद्याच्या कलम ३६ मध्ये दोन मार्ग दिले होते. आत घातक वायू नसल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र असावे, अथवा आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र व पट्टा बांधून पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे.

वैयक्तिक साधने व प्रथमोपचार: रसायनरोधक कपडे, हातमोजे, डोळ्यांचे आवरण, कानातील बोळे आणि श्वसनयंत्र ही संरक्षणाची शेवटची फळी मानली जाते, ती तांत्रिक उपायांना पर्याय ठरत नाही. गाळणीचा मुखवटा हवेतील वायू गाळतो, प्राणवायू निर्माण करत नाही; त्यामुळे प्राणवायूच्या अभावी तो निरुपयोगी ठरतो. अमोनिया डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने डोळे धुवावे लागतात. यासाठी कामाच्या जागेपासून काही सेकंदांच्या अंतरावर फवारे बसवलेले असतात. गळतीच्या वेळी कापडी वातदर्शक पाहून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे आणि नाकातोंडावर ओले कापड धरावे, असे शिकवले जाते.

भारतातील कायदे व न्यायालयीन निर्णय

कारखाने अधिनियम, १९४८ हा भारतातील औद्योगिक सुरक्षिततेचा दीर्घकाळ आधार राहिला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायू दुर्घटना कीटकनाशकाच्या कारखान्यात घडली होती. तथापि तिच्यामुळे सर्वच रासायनिक उद्योगांवरील कायदे बदलले. १९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि पहिल्या परिशिष्टातील घातक उद्योगांच्या यादीत खत उद्योगाचा समावेश झाला. मालकाने धोक्यांची माहिती कामगार व परिसरातील नागरिक यांना देणे, कामगारांची नोकरीपूर्वी व त्यानंतर कमाल बारा महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी करणे आणि सुरक्षा समितीत कामगारांना समान प्रतिनिधित्व देणे या तरतुदी करण्यात आल्या. कलम ४१-एच नुसार, जीविताला तात्काळ धोका असल्याची रास्त भीती वाटल्यास तो व्यवस्थापनाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायूची गळती झाली. या प्रकरणातील एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ‘निरपेक्ष दायित्वा’चे तत्त्व मांडले. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाच्या या निर्णयानुसार, घातक उद्योग चालवणाऱ्या संस्थेला अपघातामुळे झालेल्या हानीची भरपाई द्यावीच लागते; आपण पूर्ण काळजी घेतली होती, हा बचाव तिला करता येत नाही.

घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्यांतर्गत आपत्कालीन आराखडा करणे ही मालकाची, तर कारखान्याबाहेरील आराखडा करणे ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी आहे. कारखान्यातील सराव दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. अमोनियम नायट्रेट नियम, २०१२ मुळे ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या पदार्थांवर स्फोटकविषयक नियंत्रण आले. ज्या खतांतून ते वेगळे करता येत नाही ती खते त्यातून वगळली आहेत. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखाने अधिनियमासह १३ केंद्रीय कायदे एकत्र करण्यात आले.

महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तो दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

कंत्राटी व माथाडी कामगार

खत कारखाना वर्षभर अखंड चालतो आणि ठरावीक काळाने सर्वंकष दुरुस्तीसाठी बंद ठेवला जातो. या काळात मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार येतात. भांड्यांत उतरणे, उत्प्रेरक बदलणे, उंचावर वेल्डिंग करणे ही सर्वांत जोखमीची कामे बहुधा त्यांच्याकडे येतात. संयंत्राची ओळख मात्र त्यांनाच सर्वांत कमी असते. त्यांची भाषा वेगळी असल्यास सूचनाफलक आणि ध्वनिक्षेपकावरील इशारेही निरुपयोगी ठरू शकतात. म्हणून प्रवेशापूर्वीचे प्रशिक्षण कामगाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि भोंग्यांचे अर्थ प्रत्यक्ष ऐकवून शिकवणे आवश्यक मानले जाते.

पोती चढवणे-उतरवणे या कामातील हमालांना महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने संरक्षण दिले. अल्पकाळ काम करून अन्यत्र जाणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मात्र बहिरेपण, श्वसनविकार किंवा फ्लोरोसिस यांसारख्या उशिरा प्रकट होणाऱ्या आजारांचा कामाशी संबंध सिद्ध करणे अवघड जाते. वैद्यकीय नोंद कामगारासोबत एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेल्याशिवाय असे आजार नोंदीत येत नाहीत.

हेही पहा

हाबर-बॉश प्रक्रिया
अमोनिया
अमोनियम नायट्रेट
युरिया
भोपाळ वायू दुर्घटना
कारखाने अधिनियम, १९४८
राष्ट्रीय सुरक्षा दिन